आजोबांच्या दुकानाची सोनेरी अक्षरांची पाटी पुन्हा करायची आहे, खरा वरख लावू की सोनेरी रंग?

घाणीवाला_कारंजा

राम राम मंडळी. आमचं कारंजा लाडच्या जुन्या बाजारात तेलाचं दुकान आहे, आजोबांनी टाकलेलं, तेव्हा बैलाची घाणी होती, आता मोटरवरची लाकडी घाणी आहे, करडई तीळ शेंगदाणा अन् जवस एवढंच काढतो. दुकानावर सागवानाची पाटी आहे, ८ फूट लांब, सव्वा फूट उंच, हिरव्या जमिनीवर (म्हणजे मागच्या रंगावर) सोनेरी अक्षरं, 'श्री लक्ष्मी तेल भांडार', त्याखाली बारीक अक्षरात 'कारंजा, जि. अकोला' अन् एका बाजूला इंग्रजीत ऑइल मर्चंट. साल १९५८ पाटीवरच लिहिलेलं आहे म्हणून पक्कं माहीत आहे. आजोबा सांगायचे की पाटी मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वेत टाकून आणली, आडवी ठेवली तर लोकांचे पाय लागतील म्हणून आख्खा रस्ता उभी धरून बसले होते.

मधात वीसेक वर्षांपूर्वी वडिलांनी एकाकडून ती रंगवून घेतली, त्यानं जुन्या अक्षरांवरच डब्यातला सोनेरी रंग मारून दिला. पहिल्या दिवाळीला झकास दिसली, मग पावसाळा गेला अन् अक्षरं काळपट हिरवी पडत गेली. आता लांबून नुसती हिरवी फळी दिसते. नवीन गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहून फोन करते की दुकान कुठं आहे.

मला फ्लेक्स लावायचा नाही. हातानं केलेलं काम पाहिजे, अन् झेपलं तर खरा सोन्याचा वरख. पण यातलं मला काहीच माहीत नाही. पाटी पूर्ण खरवडून नव्यानं करू का? दुकानाचं तोंड पश्चिमेला आहे, मे महिन्यात दुपारी ३ नंतर पाटीवर हात ठेवता येत नाही, तिथं सोनं टिकेल का? एक जण म्हणतो काचेच्या मागून सोनं लावतात ते जास्त टिकते, खरं आहे का ते? अन् अजून एक, 'जि. अकोला' चं काय करू? वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला अन् कारंजा त्यात गेलं, पत्ता चुकीचा आहे हे कळते, पण पुसायचं म्हटलं की हात थांबतो. जाणकारांनी सांगा ना जी.

दिग्रसचा_दुकानदार

भाऊ भावना समजते पण धंद्याच्या हिशोबानं एक सांगतो. मी मागच्या वर्षी एलईडीची अक्षरं लावली, संध्याकाळी ७ नंतर आमच्या ओळीत माझंच दुकान आधी दिसते. फ्लेक्सचं म्हणाल तर तुमचं बरोबर, दोन उन्हाळ्यांत पांढरा पडला अन् तिसऱ्या वर्षी वादळात फाटून तारेवर लटकला, ते मी भोगून बसलो आहे. लाकडाची पाटी करत असाल तर जरूर करा, फक्त वरून एक पिवळ्या उजेडाचा दिवा पाटीवर सोडा, नाहीतर रात्रीचं गिऱ्हाईक जाते.

ब्रशवाले_काका

घाणीवाले भाऊ, सगळ्यात पहिले पाटीले हात लावू नका. खरवडू तं बिलकुल नका. म्या ४१ वर्सं पाट्या रंगवल्या, दुकानाच्या, शाळेच्या, जिनिंगच्या भिंती, ट्रकाच्या मागची फळी, त्यातल्या किती जुन्या पाट्या माह्याच हातानं खरवडल्या त्याचं मले आज दुःख वाटते, कारन ते अक्षर मंग कुठंच राह्यलं नाही.

रात्री दुकानातले लाईट बंद करा अन् ब्याटरी पाटीले चिकटवून आडवी धरा. जुन्या पेंटरचं अक्षर जाड राह्यते, त्याची कड जमिनीच्या वर आलेली राह्यते, वरून कितीबी रंग मारला तरी ते कड लपत नाही, आडव्या उजेडात तिची सावली पडते. दिसली का त्यावर पतंगाचा कागद ताणून चिकटवा अन् मेनाच्या खडूची लांब बाजू हलक्या हातानं घासा. सगळी अक्षरं कागदावर येतात. हा तुमचा खाका. मंग पाटीचं काईबी होवो, अक्षर तुमच्या घरात आहे. नव्या फळीवर उतरवाचं तं त्याच खाक्याले टाचनीनं रेघेरेघेनं बारीक छिद्रं पाडाची अन् पातळ फडक्यात कोळशाची भुकटी बांधून ते पुरचुंडी वरून आपटत न्यायची, ठिपक्याठिपक्यानं अक्षर फळीवर उतरते.

डब्यातला सोनेरी रंग म्हंजे पितळेची पावडर, तांबं अन् जस्त. ते वाऱ्यापान्यानं काळं हिरवं पडतेच, घरातला पितळी गुंड चिंच लावल्याबिगर पडते तसंच. बाजारात सोनेरी वरख म्हनून जे स्वस्तात भेटते ते बी बहुत करून पितळच. खरं सोनं २२ कॅरेटच्या वरचं असलं का उघड्यावर काळं पडत नाही, उन्हाचं त्याले काई नाही, ऊन लागते ते लाकडाले अन् खालच्या रंगाले. म्हनून सगळी मेहनत खालीच करा लागते. सागवान वाळलेलं पाह्यजे, मागूनबी अन् कडेनंबी रंग मारा लागते नाही तं पावसात फळी पानी पिते अन् फुगते, मंग अस्तर, लांबी (पुट्टी), घासनी, अन् जमिनीच्या रंगाचे दोन हात, दोन हातांच्या मधात पुरा दिवस सोडा.

वरख चिकटते ते साइजवर, म्हंजे खालच्या चिकट लेपावर, अन् साइज बनते जवसाच्या तेलापासून. तुम्ही तं जवसच काढता! पन तुमच्या घानीचं कच्चं तेल वापरू नका, ते दिवसेंदिवस वाळत नाही. पेंटवाल्याकडं वरखासाठीची तयार साइज मांगा, ३ घंट्याची अन् १२ घंट्याची अशी भेटते, तुम्ही १२ घंट्याची घ्या. तिच्यात ड्रायर, म्हंजे लवकर सुकवाचं रसायन, राह्यते, तो डबा खायच्या तेलाजवळ ठेवू नका. संध्याकाळी अक्षरात पातळ साइज भरा, थोडा पिवळा रंग टाका तिच्यात म्हंजे कुठं लागली कुठं सुटली ते दिसते, अन् साइज लावाच्या आधी सगळ्या जमिनीवर शंखजिऱ्याची पुरचुंडी मारून पुसून घ्या, नाही तं सोनं जिथं नको तिथं चिकटते. सकाळी बोटाच्या पेराची मागची बाजू साइजले टेकवा. बोटाले काई लागलं नाही पन उचलताना बारीक 'टिक' असं वाजलं का तेच टायम. त्याच्या आधी लावलं तं सोनं साइजमधी बुडते अन् मळकं दिसते, उशीर झाला तं चिकटतच नाही.

वरून वार्निश मारू नका, कोनी कितीबी सांगो. वार्निश उन्हानं पिवळं होते, सोलते, अन् जाताना सोनं घेऊन जाते. त्याच्यापेक्षा अक्षराच्या कडेनं काळी नाही तं लाल बारीक रेघ फिरवा, रेघ अर्धी सोन्यावर अर्धी जमिनीवर, तिच्यानं कड बंद होते अन् सोनं तिथून उचलत नाही.

अक्षरवेडी

काकांनी लिहिलंय ते मी सेव्ह करून ठेवलं. मी नागपूरला अप्लाइड आर्ट शिकले, आता वर्ध्यात राहून अक्षरांचंच काम करते, पण ही 'टिक' आम्हाला कॉलेजात कोणी ऐकवली नव्हती.

दादा, खाका काढाल तेव्हा ल आणि श नीट बघा. तुमच्या नावात ल दोनदा येतो, लक्ष्मीत आणि तेलात, आणि सुरुवातीला श्री. मराठी ल दोन पाकळ्यांचा असतो, आणि श ला देठ असतो. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीचे म्हणून ठरवून दिलेत, तरी संगणकातल्या बहुतेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल येतो आणि दुकानदार तोच छापून मोकळे होतात. हाताने लिहिणाऱ्या जुन्या पेंटरांना हे सांगावं लागायचं नाही, त्यांच्या हातात शाळेतला ल होता.

दुसरं म्हणजे अंतर. 'क्ष्मी' हे तुमच्या पाटीवरचं सगळ्यात दाट अक्षर, वर वेलांटी, आत तीन व्यंजनं कोंबलेली, आणि 'र' सगळ्यात मोकळं. मशीन दोघांनाही मोजून सारखी जागा देतं, म्हणून फ्लेक्सवर भांडारचा र तुटून बाजूला पडल्यासारखा दिसतो. चांगला पेंटर पट्टीने मोजत नाही, दोन अक्षरांमधली रिकामी जागा डोळ्याने तोलतो आणि र ला डा च्या जवळ ओढतो. अक्षरकार कमल शेडग्यांनी नाटकांची नावं वर्तमानपत्रात कशी बसवली ते आठवा, नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळायचा, ते सगळं या अंतराच्या आणि वळणाच्या जोरावर. आणि वर नीट जागा सोडा, शिरोरेषेच्या वर मात्रा वेलांटी अनुस्वार तिन्ही आहेत तुमच्या नावात, सव्वा फुटाच्या पाटीवर अक्षर फार मोठं केलं तर अनुस्वार चौकटीला जाऊन धडकेल.

काचेचं विचारलंत. ते काम खरंच फार सुंदर असतं. काचेच्या मागच्या बाजूने आरशातल्यासारखं उलटं लिहायचं, ऊर्ध्वपातित पाण्यात औषधाच्या दुकानातली जिलेटिनची रिकामी कॅप्सूल गरम करून विरघळवायची, ते पाणी काचेवर वाहतं सोडायचं आणि वरख जवळ नेला की तो स्वतःच उडी मारून पाण्यावर बसतो. वाळला की पुढून आरशासारखी झळाळी येते, मागून रंगाचा थर देऊन सोनं बंद करायचं, हवा लागतच नाही. पण ते दाराच्या किंवा कपाटाच्या आतल्या काचेला. उघड्यावर ८ फूट काच, आणि आपल्याकडे माकडं छपरांवरून कशी जातात ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय जिलेटिन प्राण्यापासून येतं, घरात चालत नसेल तर आधीच विचार करा. लाकडावरची जवसाची साइज शाकाहारी आहे.

इंग्रजी ओळ ठेवली तरी चालेल, फक्त मराठी तिच्यापेक्षा लहान नको. राज्याच्या दुकाने कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने १० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली आहे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तुमच्या आजोबांनी ते १९५८ लाच करून ठेवलंय.

जि. अकोला माझ्या मते ठेवा. ती पाटीची जन्मतारीख आहे.

घाणीवाला_कारंजा

काका, ताई, दोघांचे खूप आभार. आज रात्रीच ब्याटरी लावून पाहतो. जिलेटिन आमच्या घरात चालणार नाही, म्हणजे काच बाद झाली. आता सोन्याचं सांगा, लागते किती? ८ फुटाची पाटी म्हटल्यावर घरचे घाबरले आहेत, आई म्हणते एवढ्यात एक गोफ होईल.

चांदीवाला_खामगाव

आईंना सांगा घाबरू नका. आमचं घरच खामगावच्या चांदीच्या धंद्यातलं, वरखवाल्यांशी कायम संबंध येतो म्हणून लिहितो. बाहेरून येणारा सोन्याचा वरख ८० मिलिमीटर चौकोनी पानात असतो, एका पुस्तिकेत २५ पानं, अन् अख्ख्या पुस्तिकेत सोनं अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी भरते. एवढं पातळ ठोकलेलं असते. आठ अक्षरं, ७ इंच उंची धरली तर अक्षराच्या आतली जागाच भरायची असते, पूर्ण फळी नाही, एका अक्षराला दोन सव्वादोन पानं पकडा, एका पुस्तिकेत बसते. पण वळणावर पान फाटते, एकावर एक चढवावं लागते, तुम्ही दोन घ्या. पैसा सोन्यापेक्षा ठोकणाऱ्याच्या मेहनतीचा जास्त जातो.

विकत घेताना कॅरेट लिहून मागा. अन् एक पान उजेडाकडे धरून पाहा, खऱ्या सोन्याच्या वरखातून उजेड हिरवट झिरपतो. पितळेचं पान जाड असते, त्यातून उजेड येतच नाही. पहिल्यांदा करत असाल तर कागदाला दाबून चिकटवलेला वरख मिळतो तो घ्या, तो उडत नाही, कागदासकट साइजवर ठेवायचा अन् पाठीवरून बोट फिरवायचं. झळाळी सुट्या पानापेक्षा किंचित कमी.

मिठाईवरचा चांदीचा वरख पाटीला लावायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका, चांदी उघड्यावर काळी पडते. तो खायचाच. अन् शाकाहाराचं निघालं म्हणून सांगतो, खायचा वरख बनवताना प्राण्याच्या आतड्यात-चामड्यात ठोकायला २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमानं बंदी आहे, पाटीच्या वरखाला तो नियम लागत नाही, म्हणून घरात प्रश्न असेल तर कशात ठोकला ते विचारून घ्या.

ब्रशवाले_काका

चांदीवाले भाऊंचा हिशोब बरोबर आहे. मी टायमाचं सांगतो काऊन का आपल्याइकडं तेच सगळ्यात अवघड. मे मधी करसान तं लू लागते, साइज वरून सुकते अन् आत कच्ची राह्यते. पावसाळ्यात ते सुकतच नाही, वरून धुरकट होते. चांगलं टायम दिवाळीपासून ते माघापर्यंत. पन तवाच आपला कापूस येते. कारंज्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या, रस्त्यानं रुई उडते, अन् ओल्या साइजवर एक तंतू बसला का त्याच्यावर सोनं चढते अन् अक्षरावर केस आल्यावानी दिसते. म्या एकदा एका कापड दुकानाची पाटी शिडीवर उभं राहून जागेवरच केली, सकाळी पाहतो तं साइजभर रुई. सगळं पुसून पहिल्यापासून केलं.

म्हनून पाटी उतरवून घरात करा. मागची खोली, पंखा बंद, खिडकीले ओली चादर, अन् जमिनीवर पान्याचा सडा मारा म्हंजे धूळ खाली बसते. वरख लावताना बोलू बी नका, श्वासानं पान दुमडते. खारीच्या केसाचा चपटा ब्रश गालावर एकदा फिरवाचा, गालाच्या तेलकटपनानं पान ब्रशले धरते, तेवढंच धरते जेवढं पाह्यजे, साइज लगेच ओढून घेते. मंग कापसाच्या बोळ्यानं दाबा, अन् उरलेले तुकडे मऊ ब्रशनं झाडून खालच्या कागदावर गोळा करा, फेकू नका, बारीक भोकं बुजवायले तेच कामी येतात.

जिल्ह्याचं मले ताईपेक्षा वेगळं वाटते. बाहेर टांगलेली पाटी लोकायले पत्ता सांगते, तिच्यावर खरा पत्ता पाह्यजे.

घाणीवाला_कारंजा

काका, तीन रात्री बसलो. सांगतो काय झालं ते.

दोघं चुलतभाऊ शिडीवर, मी ब्याटरी धरून. आडवा उजेड पडला अन् वीस वर्षांत पहिल्यांदा पाटी वाचता आली. ताई, ल दोन पाकळ्यांचाच आहे, अन् दोन्ही ल एकसारखे नाहीत, तेलातल्या ल ची शेवटची पाकळी थोडी लांब ओढली आहे, बहुतेक भांडारच्या आधी जागा उरली होती म्हणून. वरून रंगवणाऱ्यानं ती सरळ कापून टाकली होती. र पण तुम्ही म्हणता तसाच डा च्या काठीला चिकटून आहे. चार मोठे पतंगी कागद लागले, खाका पूर्ण निघाला.

उजव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर उंचीची एक ओळ सापडली जी मला जन्मात माहीत नव्हती. '... पेंटर, मूर्तिजापूर'. आधीचं नाव गेलं आहे, पावसाचं पाणी तिथूनच उतरते. आजोबांची शकुंतलेची गोष्ट खरी निघाली. वडील बराच वेळ त्या कोपऱ्यावर हात ठेवून उभे होते.

अन् मुख्य गोष्ट. भ च्या गाठीत सोनेरी रंगाची एक खपली नखानं सहज उडाली, अन् खाली पिवळं, चकचकीत, नखाएवढं. वीस वर्षं पितळेच्या रंगाखाली होतं अन् जरासुद्धा काळं नाही. हे खरं सोनं असेल का काका? थिनर लावून बाकीचं काढून पाहू का?

ब्रशवाले_काका

थिनर लावू नका! हात थांबवा. सोनंच आहे ते, पितळ असतं तं काळं झालं असतं. सोनं गुळगुळीत राह्यते म्हनून वरचा रंग त्याले नीट धरत नाही, खपली उडते. थिनर लावलं तं वरच्या रंगासंगं खालची साइज ढिली होईन अन् १९५८ चं सोनं फडक्यावर येईन. बांबूची पातळ काडी घासून चपटी करा अन् तिच्यानं एक एक खपली हळूच उचला. जिथं उठत नाही तिथं राहू द्या. पॉलिश पेपर कोरडा चालवू नका अन् लहान लेकरायले जवळ येऊ देऊ नका, त्या काळच्या रंगात शिसं राह्यते. रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम आपल्याकडं २०१७ मधी लागला, त्याच्या पहिलेच्या रंगाचा भरोसा नाही. ओलं फडकं, तोंडाले कपडा, अन् दुकानात नाही, अंगनात.

अन् मंग माह्यं म्हननं असं, हे पाटी पुन्हा रंगवूच नका. गादीच्या मागं भिंतीवर लावा, जि. अकोलासकट, ताईचंबी राह्यलं. बाहेर नवी फळी, याच खाक्यावरून, जि. वाशिम लिहून.

अक्षरवेडी

हेच करा दादा. खाक्याचे फोटो पाठवाल का? तेलातल्या ल च्या त्या लांब पाकळीचा आधी. आणि इंग्रजी ओळीचा पण, त्या काळचे पेंटर इंग्रजी अक्षरांना कशी सावली द्यायचे ते बघायचंय, साधारणपणे उजेड डावीकडून वरून धरून सावली उजवीकडे खाली टाकतात.

घाणीवाला_कारंजा

ठरलं. वडील हो म्हणाले, आई पण. जुनी पाटी गादीमागं. नव्यासाठी बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान एका सुताराकडे वाळलेलं पडून आहे, ८ फुटाची सलग फळी नाही म्हणतो, दोन जोडाव्या लागतील, जोड नेमका शिरोरेषेखाली येणार नाही एवढं पाहून घेतो. दिग्रसच्या दादांचा पिवळा दिवा पण लावतो. ताई फोटो आज टाकतो.

काका, तुम्ही येसान का? दिवाळी झाली की पाडव्यानंतर कधीही, कापूस भरायच्या आत. मी मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी घेऊन येतो. राहायचं आमच्याचकडे, करडईच्या तेलातली भाजी अन् भाकर आहे. अन् तुमचं नाव या वेळी उजव्या कोपऱ्यात नका लिहू, तिथून पाणी उतरते. श्रीच्या खाली लिहा, तिथं छज्ज्याची सावली आहे, पाऊस लागत नाही.